तिसऱ्या गाण्यातली मंजिरी

"उडाली," पप्पा म्हणाले आणि आणखी एक कॅसेट गोणीत गेली.

शिरगावच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस हेच चाललं होतं. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पत्रा ठोकणारा प्रेस चालवून निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते टेपरेकॉर्डर उघडायचे, स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं हेड पुसायचे, कॅसेट लावून कान टेकवायचे आणि मान हलवायचे. सगळ्या कॅसेटी उल्हासनगरच्या बाजारातून पगाराच्या दिवशी एकेक करून आणलेल्या. तिथला सिंधी दुकानदार त्यांच्यासाठी नवी आलेली बाजूला काढून ठेवायचा. "साईं, ये सुनो, दुसऱ्या कुणाला दिली नाय." आता त्यातल्या चाळीसेक गोणीत होत्या आणि रविवारी भंगारवाला यायचा होता.

एकच बाहेर उरली होती. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं : सामना, १९८९.

त्या वर्षी जयंतीला उल्हासनगरच्या मैदानात दोन गायन पार्ट्यांचा भीमगीतांचा सामना रंगला होता. स्टेजच्या बांबूला टेपरेकॉर्डर बांधून पप्पांनी तो सामना टेप केला होता. या कॅसेटची गोष्ट प्रीतीला लहानपणापासून पाठ होती : तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, मंजिरीवाला एक ठोका चुकतो. मंजिरी म्हणजे ते इवलेसे टाळ. ढोलकी आणि बेंजोच्या दणक्यात ती चूक एकट्या पप्पांना कळली. मंजिरीवाल्याने नंतर हात जोडून कबूल केलं आणि तेव्हापासून शंकरकाका आणि बाकी मित्रमंडळीत त्यांचं नाव 'कान' पडलं.

"आता चूक कसली ऐकू येणार? मंजिरीच उडाली टेपवरून," पप्पा म्हणाले. "हीपण टाक गोणीत."

प्रीतीने टाकली नाही. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली ती. जुन्या टेपवरचे बारीक आवाज आधी विरतात हे तिला ठाऊक होतं. पण चाळीस कॅसेटींवरून नेमका एकाच पट्टीतला आवाज एकदम जावा, हे तिला पटेना. तिने हेडफोन लावला.

मंजिरी होती. लख्ख. आणि तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, एक ठोका नव्हता.

गाणं संपलं तरी तिने हेडफोन काढला नाही. काढला असता, तर पप्पांनी विचारलं असतं.

दुपारी तिने ते गाणं लॅपटॉपवर उतरवलं आणि पप्पांना समोर बसवलं. वरच्या पट्टीतला आवाज ती थोडा थोडा चढवत गेली. स्क्रीनकडे तिचं लक्ष नव्हतं. ती पप्पांचा चेहरा बघत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या भुवया वर गेल्या, बोट गुडघ्यावर नाचू लागलं.

"आली! अगं, आली मंजिरी! दुरुस्त केलीस तू?"

प्रीती नुसती हसली.

"आत्ताच्या आत्ता शंकरला पाठव. म्हणावं, कानाच्या पोरीने केलंय."

तेवढ्यात मम्मी कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काय लावलंय हे? कानात दाभण खुपसल्यासारखं होतंय. त्यात तो कुकर सुटल्यासारखा आवाज!"

"कुठला कुकर?" पप्पा म्हणाले.

 पप्पांनी मम्मीकडे पाहिलं, मग प्रीतीकडे. "तू नक्की काय केलंस?"

शंकरकाकांकडे हे गेलं असतं तर त्यांनीही कानांवर हात ठेवले असते. "पप्पा," ती म्हणाली, "कॅसेट चांगली आहे."

"ही?"

"सगळ्या."

पप्पांनी एका कानाची पाळी चिमटीत धरली. "प्रेस," ते हळूच म्हणाले. "साहेब सांगायचे, कानात बोळे घाला. मी नाही घातले. घातले तर मशीनचा आवाज बदलला की कळायचं नाही मला. लोक विचारायला यायचे ना, कान काय म्हणतो म्हणून."

 पप्पा उठले, गोणी ओढून आणली आणि एकेक कॅसेट काढून फडक्याने पुसू लागले.

"आधी बोलायचंस ना! रविवारी चांगल्या कॅसेटी भंगारात गेल्या असत्या."

"सोमवारी डॉक्टरकडे जाऊ या?"

"जाऊ. पण आधी ती लाव. तुझी नको, माझी."

तिने सामन्याची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. मम्मी ओले हात पदराला पुसत पप्पांशेजारी बसली. "इकडे द्या हात," ती म्हणाली आणि वाजणाऱ्या प्रत्येक मंजिरीबरोबर त्यांच्या तळव्यावर बोट टेकवू लागली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. लग्नाच्या नव्या नवलाईत तीही त्या मैदानात बसली होती. पण चूकबीक तिला कधीच कळली नव्हती.

तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं संपलं. टक, टक, टक. मग तिचं बोट हवेतच थांबलं.

"चुकला!" पप्पा ओरडले.

"तो चुकला," मम्मी म्हणाली. "मी नाही हं."