डाव्या कोपऱ्यातली फळी

राजाजीनगरच्या त्या बंदिस्त मैदानात पौषातलं ऊन उंच झरोक्यांतून तिरपं उतरत असे, आणि त्या उन्हात शिरीषच्या हातातल्या चेंडूचा नाद एकसुरी, भरीव, न चुकणारा असे. फक्त डाव्या कोपऱ्याजवळ तो क्षणभर अडखळे. तिथे शिरीष वळसा घाली. सरळ वाट मोकळी असताना, रस्त्यातलं डबकं चुकवावं तसा तो अर्धं पाऊल बाजूला जाई, आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचा हात चेंडूवर पडे.

मालकांनी नागपूरचा अख्खा बास्केटबॉल संघ उचलून बेंगळुरूला आणला, त्या पहिल्याच हंगामातली ही गोष्ट. शिरीष कर्णधार, मी खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणारी, इथलीच फिजिओ. खेळायचं घरच्या मैदानावर आणि टाळ्या मात्र पाहुण्यांना, अशी त्यांची गत होती. शिरीषला त्याचा राग येत नसे, दुःखही होत नसे. बर्फ लावलेल्या घोट्यासारखा तो सगळाच बधिर झाला होता.

एकदा पट्टी बांधताना मी माझ्या कानडीमिश्रित मराठीत विचारलं, "स्वल्प सांग बघू, त्या कोपऱ्यात तुझं काय पुरलंय?"

"नागपूरच्या हॉलात तिथली जमिनीची फळी मेली होती, अक्का," तो म्हणाला. "छप्पर गळायचं. चेंडू टाकला की उसळतच नव्हता. पंधरा वर्षं समोरच्याले तिथंच नेऊन फसवलं मी, अन् स्वतः बाजूनं गेलो. इथली फळी चांगली हाये, माहीत हाये मले. पाय ऐकून नाही राह्यले."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. शिरीषच्या बाबतीत फळी मेली, गावही सुटलं, तरी खोड जिवंत होती. प्रशिक्षकांनी बजावलं होतं की शेवटच्या सामन्यापर्यंत ते अर्धं पाऊल गेलं नाही, तर पुढच्या वर्षी संघात जागा नाही. मी त्याला हसले नाही. आमचे पूर्वज इथे येऊन तीनशेहून अधिक वर्षं झाली, पण आमच्या घरात ‘आपल्याकडे’ म्हणजे अजून सातारा, जो आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.

माघ सरत आला, बाहेर रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला, आणि शेवटच्या सामन्यात शिरीष त्या कोपऱ्यातून नाकासमोर सरळ गेला. चेंडू जाळीतून उतरला. पहिल्यांदाच लोक त्याच्या नावाने ओरडले. त्याची जागा वाचली.

बाकावर बसून त्याने टॉवेल घेतला. "अक्का," तो हळूच म्हणाला, "आज तिथून गेलो, अन् काहीच आठवलं नाही."

"सरी, बरं," एवढंच मी म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्याचा चेहरा मात्र कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यांची पेटी घेऊन मी रिकाम्या मैदानातून दारापर्यंत आले, आणि तेव्हा ध्यानात आलं की डाव्या कोपऱ्याशी मी वळसा घातला होता. माणूस विसरतो ते बहुधा नाहीसं होत नाही; जवळ जो कुणी उभा असेल त्याच्या पावलांत ते मुकाट्याने राहायला जातं.