बोंबील खाल्ले, लिहिले नाहीत

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. आणि तेही माझ्याकडे पोटभर जेवून लिहिलंत.

एवढं वाक्य कृष्णाबाई आठ दिवस तोंडात घोळवत होती. मिरच्या भाजताना, पातेली घासताना, झोपेतसुद्धा. शेवटी सून समीक्षा वैतागली. "आई, भिंतीला काय सांगता? त्याच्या तोंडावर सांगा ना."

वेसाव्याच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून, पत्र्याखाली चार बाकडी आणि दोन शेगड्या. ती कृष्णाबाईची खानावळ. सासूच्या हाताखाली ती इथे उभी राहिली, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. होडीवरचे खलाशी, बर्फ फोडणारे, मासळी भरायला आलेले टेम्पोवाले, सगळे इथेच जेवतात. पाटी नाही, मेनू नाही. सकाळी होडीतून जे उतरतं ते दुपारी ताटात येतं.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि पुरुष जाळी शिवत बसतात. तेव्हा कृष्णाबाईकडे फक्त सुकं शिजतं. उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील वांग्यात, सोड्यांचं कालवण, जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय ताजी मासळी तिच्या शेगडीवर चढत नाही. त्या दिवसांत मासळीच्या पोटात अंडी असतात, तिच्या वाटेला जायचं नाही, ही सासूने घालून दिलेली शिस्त. कुणी बर्फातलं पापलेट फुकट आणून दिलं तरी ती परत पाठवते.

आणि साहेब आले नेमके जुलैत.

वेसाव्याच्या या जुन्या बंदरावर सरकारी खाऊगल्ली व्हायची होती. पिढीजात खानावळींची पाहणी करून यादी करायची, ते काम या साहेबांकडे. यादीत नाव आलं तर जागा राहणार, नाहीतर उठायचं. साहेब बाकड्यावर टेकले आणि म्हणाले, "मावशी, पापलेट तळा."

"बंदी हाय, साहेब. आता सुकं खा."

साहेबांनी खाल्लं. बोंबील-वांगं दोनदा मागून घेतलं, वर सोलकढीचे दोन पेले. बोटं चाटत म्हणाले, "आईनंतर अशी चव आजच मिळाली." कृष्णाबाई एवढी फुलली की बाईसाहेबांसाठी म्हणून सोड्यांची पुडीही बांधून दिली. ती पुडी आठवली की आता तिच्या अंगाची लाही होते.

पुनव झाली, होड्या गेल्या, ताजी मासळी आली. पाठोपाठ पत्र्यावर नोटीस आली. पंधरा दिवसांत जागा रिकामी करा.

मग भीमराज कामाला लागला. गोवंडीचा हा माणूस वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो आणि दुपारी कृष्णाबाईकडे जेवतो. कचेरीतून कागद कसा बाहेर काढायचा, हे त्याला बापाने शिकवलं होतं. त्याने पाहणीचा अहवाल मिळवला आणि बाकड्यावर बसून वाचला. "पाहणीच्या दिवशी सदर ठिकाणी मासे शिजवले जात असल्याचे आढळून आले नाही. सबब सदर ठिकाण पारंपरिक खानावळ ठरत नाही."

"मंग त्याने खाल्लं काय? माझी चप्पल?"

"ते कागदावर नाही, मावशी."

"यादीत कोण हाय?"

भीमराजने मान वळवून पलीकडचं काचेचं हॉटेल दाखवलं. दोन वर्षांपूर्वी उघडलेलं. फ्रीजरमधलं पापलेट तिथे भर जुलैतही तळलं जात होतं, म्हणून तिथे मासे शिजताना आढळले. बंदीत पापलेट तळणारा परंपरेचा, आणि बंदी पाळणारी बाई उपरी. असली यादी करायला माणूस शिकलेलाच लागतो.

आज त्या काचेच्या हॉटेलात साहेब खाऊगल्लीच्या उद्घाटनाआधीची चव घ्यायला आले होते. कृष्णाबाईने लुगडं झटकलं, स्टीलचं ताट वाढलं, वर झाकण ठेवलं आणि निघाली. मागे भीमराज, बर्फाने भिजलेल्या पायजम्यात.

दारातल्या पोऱ्याने हात आडवा घातला. "आजी, डिलिव्हरी मागच्या दाराने."

"डिलिव्हरीच आहे," भीमराज म्हणाला. "पण हिचं गिऱ्हाईक पुढे बसलंय."

साहेबांनी तिला ओळखलं, आणि लगेच ओळखायचं नाही असं ठरवलं. दोन्ही तिला दिसलं. तिने ताट त्यांच्या 'कोळी थाळी'ला खेटून ठेवलं आणि झाकण काढलं. बोंबलाचा वास टेबलभर पसरला.

"काय हाय हे?" तिने विचारलं.

"मावशी, इथे नको. लेखी अर्ज द्या."

"तीन दिलेत," भीमराज म्हणाला. "तिन्हींवर तुमचाच शिक्का आहे."

साहेबांनी नॅपकिनने ओठ टिपले. "नियम असतात हो. पाहणीत मासे म्हणजे ताजे मासे."

कृष्णाबाईने वाकून त्यांच्या थाळीतल्या पापलेटाकडे पाहिलं. जन्मभर मासळीचे डोळे बघत आलेली बाई ती. "ताजं? ह्यो तुमच्या पाहणीच्याही आधी मेलाय."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

मग ते आठ दिवस घोळवलेलं वाक्य ती बोलली. सावकाश, अख्खं, एकदाच. नंतर पदराच्या गाठीतून अहवालाचा कागद काढला, उलटा केला, कोरी बाजू वर करून ताटाशेजारी ठेवला. भीमराजने खिशातलं पेन त्यावर ठेवलं.

"बंदी पाळली म्हणून तुम्ही मना माझ्या सासूच्या जागेवरून उठवता. उठवा. पण आधी इथे लिहा. जुलैत माझ्या बाकड्यावर बसून तुम्ही दोनदा मागून घेतलं, ती मासळी होती की नव्हती?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"घड्याळात काय बघता?" तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. "मी रिकामीच हाय, तुम्हीच केलीत. लिहा. होती की नव्हती?"