रडकी बघणाऱ्या दोघी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीला चिकटणाऱ्या हल्लीच्या सडपातळ पोरांसारखा नाही, चांगला पाठीला कुबड असलेला, दोन माणसांनी मिळून उचलावा लागणारा. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलाय, की माझ्या जागी कपाट बसेल का याचा अंदाज घेताय, कोण जाणे!

स्वभाव असा होण्याला कारण आहे. मला फक्त समोरचं दिसतं. पाठ कायम भिंतीला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि घरातलं महत्त्वाचं सगळं बोलणं नेमकं तिथेच चालतं. माझ्यापर्यंत अर्धं येतं, उरलेलं अर्धं मी मनात जुळवतो. तुम्हीही तेच केलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब पट्ट्यावरून आम्ही एकामागून एक सरकत होतो आणि शेवटी चष्मा लावलेली तपासनीस बाई बसली होती. तिनं माझ्या काचेवर रंगीत पट्टे आणले, डोळे बारीक करून पाहिले, टिचकी मारली आणि पाठीवर शिक्का उमटवला. माझ्यात चूक शोधणारी ती पहिली. तिला एकही सापडली नाही, याचा मला अजून अभिमान आहे. मग काही महिने दुकानाच्या काचेआड काढले. लोक यायचे, बघायचे, बटणं पिळायचे आणि शेजारचा संच घेऊन जायचे. संशयाचं बी बहुधा तिथेच पडलं.

शेवटी मला घेतलं ते एका तरुण मुलानं, पहिल्या नोकरीच्या पगारातून. जिन्यावरून वर नेताना तो घामाघूम झाला होता, पण हमालाला हात लावू देईना. "आई, दार उघड! बघ काय आणलंय!" त्याची आई घरीच शिवणकाम करायची. पँटी आखूड करणं, शाळेचे गणवेश, लोकांचे पडदे. तिनं शिलाई मशीन थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अरे, केवढा हा! याला झाकायला कापड तरी किती लागेल!" मी मनात म्हटलं, घ्या, आल्या आल्या झाकायचीच भाषा. पण दुसऱ्याच दिवशी तिनं मला निळ्या कापडाचं, कडेला दुहेरी शिवण घातलेलं आच्छादन शिवलं. इतकं मापात की मला गुदगुल्या झाल्या.

ते माझे कौतुकाचे दिवस. शेजारीपाजारी येऊन जमिनीवर बसायचे. पुढे मुलाचं लग्न झालं, सूनबाई आली. ती तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घ्यायची. हळू बोलणारी, कामाला वाघ. आणि मग, मित्रांनो, मुलगा आजारी पडला आणि गेला. याबद्दल मला फार सांगता येणार नाही. तो शेवटचे दिवस दवाखान्यात होता आणि मी इथे भिंतीला पाठ लावून. एवढंच ठाऊक आहे की निळं आच्छादन माझ्यावर पडलं आणि किती तरी महिने निघालं नाही. आत अंधार. बाहेर मशीनचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि दोन बायका एकमेकींशी फक्त "जेवलात का?" आणि "दूध संपलंय" एवढंच बोलणाऱ्या.

एका संध्याकाळी सूनबाईनं आच्छादन ओढून काढलं आणि माझं बटण दाबलं. का, ते मला कळलं नाही. कदाचित शांततेचा कंटाळा आला असेल. माझ्यावर एक मालिका चालू होती. घराघरात बघतात तशीच, ढसाढसा रडण्याची. नायिका बेशुद्ध, डॉक्टर धावत येतो, पेटी उघडतो आणि तिच्या दंडात सुई खुपसतो. सूनबाई बघत होती. अचानक तिच्या तोंडून फिस्सकन हसू फुटलं.

"काय झालं गं?" आईंनी मशीन थांबवलं.

"आई, टोपण! सुईचं टोपण काढलंच नाही त्यानं! टोपणासकट टोचली बाईला!"

आई उठून आल्या, चष्मा वर केला. "आणि ती बघ, उठून बसलीसुद्धा. गुण आला की टोपणाचा!" दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता सूनबाई रडायला लागली आणि आईही.

मला मात्र राग आला. मला हसता? मी जे दाखवतो त्याला? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली की या दोघी माझ्या चुका जमवताहेत. एक दिवस सगळ्या चुका माझ्या माथी मारतील आणि मला भंगारात घालतील.

त्या दिवसापासून नेमच झाला. मालिकेचं नाव त्यांनी 'रडकी' ठेवलं. "लाव गं रडकी," आई ताटं मांडताना म्हणायच्या. रडकी संध्याकाळी लागायची आणि जेवणाच्या वेळी पुन्हा दाखवायचे. सूनबाई कामावरून उशिरा यायची म्हणून दोघी जेवतानाची बघायच्या. मग काय विचारता! सूनबाई दवाखान्यातल्या चुका काढायची. एक्स-रे उलटा धरलाय, बाटली रिकामी आहे, मेलेल्या माणसाची पापणी हलतेय. आई कपड्यांवर टपलेल्या. भांडणात फाटलेला खिसा पुढच्या क्षणी शाबूत, गरिबाच्या झोपडीत आणि श्रीमंताच्या बंगल्यात एकच पडदा, तोही उलट्या बाजूनं लावलेला.

"अहो, इतकं खोटं दिसतंय तर बघता कशाला?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं.

"आवडतं म्हणून," आई म्हणाल्या आणि डोळे पुसले, कारण पडद्यावर नायिकेची आई नुकतीच गेली होती.

आता सांगा, यावर कुणी विश्वास ठेवेल? खोटं म्हणायचं, हसायचं आणि वर रडायचंही! काही तरी पाणी मुरत होतं, एवढं मला दिसत होतं.

आणि मग मी आईंना रंगेहाथ पकडलं. सूनबाई घरात नसताना, संध्याकाळी रडकी लागण्याच्या वेळेला त्यांनी दाराची कडी लावली, माझा आवाज पूर्ण बंद केला आणि अगदी नाक लावून सगळा भाग पाहिला. मशीनसुद्धा थांबवून! जेवताना तोच भाग पुन्हा लागला तेव्हा बाई अशा चेहऱ्यानं बसल्या, जणू काही पहिल्यांदाच बघताहेत. "मला काही दिसलं नाही गं, तू सांग." सूनबाईच्या नजरेतून एखादी गंमत सुटली की ह्या हळूच म्हणणार, "त्याच्या बाहीकडे बघ बरं जरा." खोटारडी बाई! रोज हाच उद्योग. मी ठरवलं, ही सुनेची परीक्षा घेतेय. कसली, ते कळेना.

सूनबाईही काही कमी नव्हती. माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे होतं. पडद्याच्या कोपऱ्यात गडबड व्हायच्या आधीच तिची नजर तिथे जाऊन बसायची. हसण्याची घाई व्हायची. म्हणजे हिला आधीच ठाऊक? कुठून? मी रात्र रात्र विचार केला. तारा तापल्या, उत्तर मिळालं नाही.

अशात काकू एका दुपारी पडदा शिवायला घेऊन आल्या आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "तुमच्या सुनेला म्हणे दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळतेय. राहायला खोली पण आहे. तुम्हाला बोलली असेलच."

"हो, बोलली ना," आई म्हणाल्या. ती बोलली नव्हती. मला दिसत होतं. आईंनी त्या पडद्याची शिवण वाकडी घातली आणि उसवली, पुन्हा घातली.

त्यानंतर रडकी लागायची, पण कुणी चुका काढेना. आई ताटाकडे बघून जेवायच्या. सूनबाई काही तरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. स्वयंपाकघरात ती फोनवर हळू आवाजात बोलायची आणि मला ऐकू यायचं, "हो, कळवते... अजून घरी विचारलं नाही." एका सकाळी आई बाजारात गेल्या तेव्हा तिनं आईंचीच मोजपट्टी घेतली आणि मला मोजलं. उंची, रुंदी, कुबडाची खोली. मी गार पडलो. भंगारवाला मापानं घेतो का वजनानं, हे मला माहीत नव्हतं. मग ती शिलाई मशीनकडे वळली आणि तेही मोजलं. नेमक्या त्याच वेळी आई दारात उभ्या होत्या. पिशवी हातात, तशाच आल्या पावली मागे फिरल्या. सूनबाईला त्या दिसल्याच नाहीत.

त्याच संध्याकाळी रडकी बघायला आईंनी मला लावलं खरं, पण बघितलं की नाही, देव जाणे. नजर माझ्यावर, लक्ष भलतीकडे.

जेवणाची वेळ झाली. दोघी समोर बसल्या. नायिकेचा अपघात झालेला, हाताला प्लास्टर. आणि तिथेच, मित्रांनो, माझा घात झाला. आतून काही तरी चटकन तुटलं, चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरी रेघ राहिली, आणि तीही गेली. आवाज गेला. मी काळाठिक्कर. मनात म्हटलं, संपलं. आता यांना निमित्तच मिळालं.

"गेला वाटतं," सूनबाई म्हणाली.

"जाऊ दे. सगळंच जायचं आहे," आई म्हणाल्या.

मग सूनबाई बळेच हसली. "आता बघा, तिचं प्लास्टर उजव्या हाताचं डाव्या हाताला जाणार."

"आणि दाराशी तिचा नवरा उभा, त्याच्या सदऱ्याची बटणं उलट्या बाजूला. बायकांचा सदरा घातलाय मेल्याला," आई सवयीनं बोलून गेल्या.

दोघींचे हात ताटातच थांबले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुला कसं कळलं?"

सूनबाईनं मान खाली घातली. "मी बसमध्ये फोनवर बघते. संध्याकाळचा. तुम्ही दिवसभर एकट्या असता. जेवताना बोलायला काही तरी हवं ना, म्हणून आधी चुका शोधून ठेवते."

आई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं वेडे, मी पण तेव्हाच बघते! इथे, आवाज बंद करून. तू दमून येतेस. एखाद्या दिवशी तुला काही सापडलं नाही तर तू हसणार नाहीस, म्हणून."

म्हणजे रोज एकाच वेळेला ही इथे आणि ती बसमध्ये! आणि मी इतके दिवस हेर असल्यासारखा दोघींवर पाळत ठेवून. मी काळा होतो म्हणून बरं, माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

पण आईंचा आवाज लगेच कडक झाला. "मग इतकं असताना मशीन विकायला कशाला काढलंस? जायचं तर जा ना. मी अडवणार नाही. तो गेला, आता तुझं इथे काय आहे?"

"विकायला?" सूनबाईचा घास तसाच राहिला. "आई, त्या खोलीचं दार अरुंद आहे. मशीन आत जाईल का बघत होते. टीव्ही कुठल्या भिंतीला बसेल ते बघत होते."

"मला विचारलं नाहीस."

"भीती वाटली. तुम्ही नाही म्हणाल आणि मग मलाही दवाखान्याला नकार कळवावा लागेल. तुम्हाला इथे टाकून मी कशी जाऊ? आणि ही रडकी मी एकटीनं बघू? बसमध्ये मी हसले की लोक सरकून बसतात."

आई उठल्या. ताटं उचलली, स्वयंपाकघरात नेली. नळाचा आवाज आला. मला वाटलं, झालं, नाही म्हणणार. मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, आणि या खेपेला मला पूर्ण ऐकू आला.

"खोलीला खिडकी कुठल्या अंगाला आहे गं? शिवणाला उजेड लागतो."

पुढचं थोडक्यात सांगतो. दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं, आत फुंकर मारली, एक सुटा भाग बदलला आणि म्हणाला, "याच्या पैशात थोडी भर घातली असती तर नवा आला असता." मी त्याचं तोंड नीट लक्षात ठेवलंय. टेम्पोत मला चढवताना सूनबाईनं निळ्या आच्छादनावर दोन गाद्या बांधल्या, तरी उतरवेपर्यंत मला खात्री नव्हती की आपल्याला वाटेत सोडणार नाहीत.

आता आम्ही त्या खोलीत आहोत. आईंना तिथेही शिवणकाम मिळालं. दोघी इथे रडकी एकदाच बघायच्या, एकत्र. त्यामुळे निम्म्या चुका त्यांच्या नजरेतून सुटायच्या. मला दिसायच्या, पण मी बोललो नाही.

परवा रडकी संपली. शेवटच्या भागात सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं आणि कुटुंबाचा एकत्र फोटो काढला. सूनबाई एकदम पुढे सरकली. "आई, मागच्या रांगेत बघा! तिचा भाऊ! तो तर कधीच मेला होता, चांगला चितेवर ठेवला होता! आणि हा इथे हसत उभा!"

आईंनी चष्मा वर केला नाही. त्या बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या.

"उभा राहू दे गं त्याला," त्या म्हणाल्या.

सूनबाई हसली नाही. ती सरकून आईंच्या जवळ बसली, आणि खालून नावं सरकत गेली तरी दोघींनी मला बंद केलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जुना टीव्ही असेल, जुनं माणूस असेल, एखादी आवडती पण फसलेली मालिका असेल, तर त्यांच्या चुका खुशाल काढा. माझी हरकत नाही. फक्त चुका सापडल्या म्हणून उठून जाऊ नका. आणि आमच्यावरची धूळ अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसत चला. पुसाल ना? तुम्ही हो म्हणताय खरे, पण माझं लक्ष आहे तुमच्यावर.