भुवयांमधली आठी

लेकीच्या, मनालीच्या, साखरपुड्याचे फोटो आले आणि जयमालाबाईंना स्वतःचा चेहरा खटकला. हसऱ्या माणसांत त्या एकट्याच कुणावर तरी चिडल्यासारख्या दिसत होत्या. भुवयांच्या मधोमध उभ्या आठ्या, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं. दिनानाथरावांना बायकोच्या चेहऱ्यात काहीच वावगं दिसेना. पण चेहरा आपला तर निर्णयही आपलाच, असं म्हणून बाईंनी सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन घ्यायचं ठरवूनच टाकलं.

सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर सुनयना राहायची. शनिवारी दुपारी तिच्याकडे एक पार्लरवाली येणार होती. चार-पाच मैत्रिणींना एकाच बैठकीत इंजेक्शनं, म्हणजे स्वस्तातही पडणार. बाई गेल्या. चहा झाला, पार्लरवालीने डबा उघडला, तर सिरिंजा आधीच भरलेल्या.

"औषधाची बाटली बघू," बाई म्हणाल्या.

"बाटली पार्लरमध्ये राहिली, मॅडम. आमी भरूनच आणतो. टेन्शन नका घेऊ."

"आणि एखादीची पापणी उतरली, तर बघणारे डॉक्टर कोण?"

पार्लरवाली डब्यातल्या सिरिंजा उगाच पुन्हा लावू लागली. बाईंनी उत्तराची शांतपणे वाट पाहिली. सारी हयात वर्गात गेल्यामुळे ती सवय अंगात मुरलेली होती. मग त्यांनी पर्स उचलली. सुनयनाला आधी ओशाळल्यासारखं झालं, पण बाई दारापर्यंत पोचायच्या आत तिनेच पार्लरवालीला डबा बंद करायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बाई वाशीला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टर भाविका वयाने लहान, पण बोलायला सरळ. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, स्नायूंचा काही आजार, कसली अ‍ॅलर्जी, सगळं विचारून झाल्यावरच तिने चेहऱ्याकडे पाहिलं. मग समजावून सांगितलं: परिणाम हळूहळू दिसतो, पुरता दिसायला दोनेक आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा पूर्ण जात नाहीत. सुई टोचलेल्या जागी काळंनिळं पडू शकतं, डोकं दुखू शकतं, क्वचित पापणी काही आठवडे खाली येते. त्या दिवशी काही तास आडवं व्हायचं नाही आणि तिथे चोळायचं नाही.

मग तिने बाईंना भुवया उचलायला आणि आवळायला लावल्या.

"तुमच्या भुवया फार बोलक्या आहेत. करता काय तुम्ही?"

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांनी तिथेच करून दाखवलं: हातांची खूण तीच, पण भुवया उचलल्या की तिचा प्रश्न होतो आणि आवळल्या की नाराजी. मुलांनी बाईंना नावही खुणेचंच दिलं होतं. भुवयांच्या मधे दोन बोटं उभी धरली की झाल्या जयमालाबाई.

डॉक्टर हसली नाही. "मग ऐका. इथे आणि कपाळावर इंजेक्शन दिलं, तर काही महिने या भुवया अशा हलणार नाहीत."

एवढा विचार बाईंनी केलाच नव्हता. आठ्या नकोशा होत्या, हे खरंच होतं. पण वर्गात उभं राहून अर्धंच बोलायचं, हे त्यांना मुळीच चालणार नव्हतं.

"डोळ्यांच्या कडेला दिलं तर?"

"तिथे जपून देता येईल. भुवयांना सहसा अडचण येत नाही."

"मग तेवढंच द्या. कपाळाला हात लावू नका."

मुंगी चावावी तशा टोचण्या झाल्या आणि बाई चालत स्टेशनवर आल्या.

पंधराएक दिवसांनी वर्गात मैत्री नावाची चुणचुणीत मुलगी धडा सोडून त्यांच्याकडेच टक लावून बसली. मग तिने हातांनी विचारलं, बाई, काल खूप झोपलात का?

बाईंनी भुवया घट्ट आवळल्या आणि पुस्तकाकडे बोट दाखवलं. मैत्रीने मुकाट्याने पान उलटलं. फळ्याकडे वळताना मात्र बाईंना हसू आवरेना.