मान आणि खांदे

आमचे हे पैलवान होते. नातवाला, ऋतुराजला, त्यांनी लहानपणीच तालमीत नेलं, पण पोरगं लाल मातीत रमलं नाही. त्याला चाकांचं वेड. गावाबाहेरच्या ट्रॅकवर छोट्या कार्ट गाड्या पळवतच तो वाढला. हे गेले, तेव्हासुद्धा तो तिथनंच पळत घरी आला होता. अंगानं शेलाटा, वेताच्या छडीसारखा.

सतराव्या वर्षी त्याला कोइमतूरच्या फॉर्म्युला शर्यतींच्या निवडीचं बोलावणं आलं. एकाच माणसाची, उघड्या चाकांची ती गाडी. जगातल्या मोठ्या शर्यतींची ही खालची पायरी. इथं जो चमकतो, त्याला वरच्या गाडीत घेतात. आमच्या गल्लीतनं तिथवर कुणी गेलं नव्हतं.

त्याचे प्रशिक्षक प्रसेनजीत सर दोन महिन्यांसाठी चेन्नईला निघण्याआधी घरी आले. जाताना दारात म्हणाले, "दोन महिने आहेत. याची मान आणि खांदे मजबूत करा. वेगात वळताना डोकं बाहेर ओढलं जातं."

माझा मुलगा कृष्णात, ऋतुराजचा बाप, हसला. "सर, मान कशी करायची ते कोल्हापूरला सांगताय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तालीम सुरू झाली. वस्ताद त्याला डोकं आणि पाय टेकून मानेवर पूल करायला लावायचे, अंगाची कमान होईस्तोवर. तिथनं थेट गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, म्हशीखालचं धारोष्ण दूध. घरी मी बदाम वाटून थंडाई करायची, जेवणात मटण, भाकरीवर तुपाची धार. कुस्तीच्या मैदानाआधी हे काय काय खायचे, ते मला पाठ होतं. खूप वर्षांनी आमच्या घरात खुराक शिजत होता. गल्लीतले लोक वाकून बघून जायचे.

"आक्का, बास की आता," ऋतुराज मला म्हणायचा.

"गप पी," कृष्णात दरडावायचा. "तिकडं काय सांबारावर मान येणार हाय?"

कोइमतूरला मीही हट्टानं गेले. गाडी केवढीशी, जमिनीला टेकलेली! ऋतुराज आत उतरला. कंबर कशीबशी गेली, खांदे काठावर अडकले. मेकॅनिकनं दाबून बघितलं. सर कृष्णातकडे वळले.

"कृष्णातराव, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालासा की, मान आणि खांदे!"

"मजबूत म्हणालो होतो, रुंद नव्हे. इथं एकेक किलो वेग खातो. मला पैलवान नको होता."

सरांनी शब्द टाकून पुढच्या निवडीपर्यंत मुदत मिळवली. मग घरात काकडी आणि उकडलेली डाळ. ऋतुराजचे गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले. मी वाढलेली भाकरी तो बाजूला सरकवायचा. वजन उतरलं. पण त्या वयात हाडही वाढलं होतं, ते कसं उतरावं?

दुसऱ्या वेळी तो गाडीत मावला. मग बाहेर पडायची परीक्षा. अपघात झाला तर चालकाला ठरलेल्या वेळात निघता यावं लागतं. त्यानं पट्टे सोडले, उठला, खांदा अडकला. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. शेवटी सरांनीच थांब म्हणून हात वर केला. ती जागा मागं उभ्या असलेल्या दीप्ती नावाच्या मुलीला मिळाली. ती आत उतरेपर्यंत तिचं हेल्मेट ऋतुराजनंच धरलं होतं.

त्यानं नंतर कुणाला दोष दिला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

यंदा मलकापूरला लग्नाला गेलो होतो. तिथं एका पाहुण्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय गडी हाय! कुठल्या तालमीचा, पावणं?"

ऋतुराजनं हसून हात जोडले. कृष्णात पानातलं नुसतं चिवडत बसला.

परतताना जीप ऋतुराज चालवत होता. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. समोरचा रस्ता पार लांबपर्यंत रिकामा.

"जा की पुढं," मी म्हणाले.

"जाऊ दे आक्का. घाई कुणाला हाय?"

त्या उसाच्या मागनं आम्ही तसेच हळूहळू पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत आलो.