शंखातले पाय

चोपन्न सालची गोष्ट. अर्बन मास्तर शाळेतून रिटायर झाले, बायको त्याआधीच गेलेली, आणि बोरिवलीच्या गावठाणातलं घर एकट्याला फारच ऐसपैस. तरी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मास्तर गावच्या क्रूसापाशी गप्पांना थांबत नसत. घाटकोपरची उत्तरा यायची ना! तिला एमएस्सीसाठी कान्हेरीकडच्या ओढ्यातल्या कॅडिस माशीच्या अळ्या ओळखायच्या होत्या, आणि मास्तरांना त्यातलं कळत होतं.

मास्तरांचा नियम एकच: घर बघून नाव सांगायचं नाही. ह्या अळ्या वाळूचं, पानांच्या तुकड्यांचं घर अंगाभोवती रचतात. बोथट टाचणीने मागून ढकलून अळी बाहेर काढायची, मग छातीवरच्या टणक पाट्या बघायच्या, पोटावरचे कल्ले, शेपटाकडचे आकडे. एकेका अळीला मास्तर अख्खी सकाळ लावत. घाई कोणाला होती? दुपारी दोघं एका टेबलावर जेवत. उत्तरा आपला डबा घरून आणायची.

त्या रविवारी एकच जात उरली होती. ती सापडली की उत्तराचं काम संपलं. बशीत वाळूच्या कणांची, शंखासारखी पिळदार, ज्वारीएवढी वस्तू होती. मास्तरांनी भिंगातून एकदाच पाहिलं.

"गोगलगाय. फेकून दे. पुढच्या रविवारी ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधू."

"टाचणी नाही लावणार?"

"गोगलगायीला कसली टाचणी गं?"

उत्तरा हनुवटी टेकून बशीकडे बघत बसली. थोड्या वेळाने शंखातून डोकं निघालं, मग पाय. सहा.

"मास्तर, गोगलगायीला पाय असतात का हो?"

मास्तर चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

"तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने स्वतःच टाचणी लावली. "आकड्यांवर फणीसारखे दाते. हीच ना?"

"हीच." मग मास्तर म्हणाले, "काम नसलं तरी येशील?"

"बघते ना."

मुंबईतलं 'बघते' मास्तरांना नवं नव्हतं. ती निघाली तशी त्यांनी आतून घरच्या मसाल्याची बाटली आणली. "आईला दे. बाटली काय, सवडीने परत आण."

उत्तराने बाटलीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"कागदाच्या पुडीत द्या ना," ती म्हणाली.

मास्तरांनी पुडी बांधून दिली.