पागोट्यासकट अठ्ठावीस मिलिमीटर

मी कथिलाचा मावळा बोलतोय. उंची अठ्ठावीस मिलिमीटर, पायाखालच्या चकतीच्या बुडापासून पागोट्याच्या टोकापर्यंत. उंची आधीच सांगून टाकतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

माझा जन्म लोणावळ्याच्या बाजारात, अल्लाबक्षभाऊंच्या कल्हईच्या दुकानात झाला. स्टीलची भांडी आली आणि कल्हईचा धंदा बसला, पण दिवाळीच्या किल्ल्यांसाठी भाऊ मातीचे मावळे करायचे ते चालू राहिले. तुम्ही लहानपणी किल्ला केला असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, तिथं मापाला कुणी विचारत नाही. तोफ बोटभर, आणि विहिरीवरची बाई बुरुजाहून उंच! भाऊंचा मात्र एक नियम होता. मावळा पागोट्यासकट किल्ल्याच्या दारातून आत गेला पाहिजे. म्हणून ते बुडापासून टोकापर्यंत मोजायचे. चाळीस वर्षं असंच मोजलं आणि एकाही पोराची तक्रार आली नाही.

राजेंद्रराव हे भाऊंचे जुने स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना टेबलावर लढाया मांडायचा नाद. टेकड्या, ओढे, छोटे सैनिक, फासे आणि मोजपट्टी, असा तो खेळ. वडगाव मावळात १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून तह करायला लावला, ती लढाई येत्या जानेवारीत वडगावच्या एका शाळेत मांडायची असं त्यांनी ठरवलं. इंग्रज परदेशातून पार्सलने आले. त्या काळचे मराठे मनासारखे मिळेनात, म्हणून त्यांनी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, अठ्ठावीस मिलिमीटरचे दीडशे मराठे पाहिजेत. जमेल?"

"का न्हाई जमणार? दीडशे तर दीडशे."

झालं, एवढंच बोलणं. कुठून कुठवर मोजायचं हे एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही. या खेळातले पुष्कळ लोक तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतात, कारण टोप्या कमी-जास्त उंचीच्या असतात. राजेंद्ररावांना वाटलं, हे जगाला ठाऊक आहे. एक इंग्रज नमुन्याला पाठवला असता तरी भागलं असतं. पण इंग्रज नुकते रंगवून काचेच्या कपाटात ठेवलेले. कल्हईच्या भट्टीपाशी रंग उडेल म्हणून त्यांनी दिला नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

त्याच उन्हाळ्यात भाऊंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. तळेगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर पावसाळ्याआधी ऑपरेशन करा." भाऊंची मुलगी शमीम तारीख घेऊन आली. भाऊ गेले नाहीत. ऑपरेशननंतर बरेच दिवस भट्टी नाही, धूर नाही, मग दीडशे माणसं कधी व्हायची?

"येवढी पोरं हुबी करतो," ते म्हणाले, "मग ने कुटं न्यायचं तितं."

शमीम भांडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. भाऊंनी मेण कोरायला घेतलं. पहिला मी. मेणावर रबराचा साचा, आणि साच्यात वितळलेलं कथील. प्रत्येक पाच माणसांमागे नवा चेहरा कोरायचा, हा त्यांचाच हट्ट. मला कोरताना त्यांनी मेण वीतभर लांब धरलं होतं. दसऱ्याला ते नाकाला टेकवून कोरत होते. शेवटच्या घाण्याला कथील अंगठ्यावर सांडलं, तर शमीमला म्हणाले, चहा सांडला.

दिवाळीत दीडशे पुरे झाले आणि भाऊ तळेगावला गेले. तोवर उशीर झाला होता. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

आमचा डबा राजेंद्ररावांच्या घरी उघडला. त्यांनी मला एका इंग्रजाशेजारी उभं केलं आणि खाली बसले. माझ्या पागोट्याचं टोक त्याच्या डोळ्यापाशी येत होतं. सहा मिलिमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण माणसाच्या मापात तो फुटाहून जास्त भरतो. शिवाय त्याचे पंजे पळीएवढे आणि डोकं नारळाएवढं, कारण दुरून दिसावं म्हणून तिकडे तसेच फुगवून घडवतात. आम्ही अंगाने खऱ्या माणसासारखे बारीक. जिंकणारे आम्ही, आणि दिसत होतो बापाचं बोट धरून शाळेत निघालेल्या पोरांसारखे. राजेंद्ररावांच्या कपाटात पंधरा मिलिमीटरचे सैनिक होते, चौपन्नचेही होते, पण वेगवेगळ्या फळ्यांवर. तिथं कुणी कुणाला खुजं ठरवत नव्हतं.

फरक झाकावा म्हणून राजेंद्ररावांनी आम्हाला पुठ्ठ्याच्या टेकडीवर चढवलं, इंग्रजांना ओढ्यात उतरवलं. भाऊंना काही सांगायचं नाही, असं त्यांनी आणि शमीमने ठरवलं.

जानेवारीत शमीम भाऊंना घेऊन शाळेत आली. "हात लावून बघू द्या मला," भाऊ म्हणाले. त्यांना नाही कसं म्हणणार? त्यांचं बोट आमच्या रांगेवरून फिरलं, मग ओढ्यातल्या इंग्रजांवर गेलं आणि थांबलं. त्यांनी मला आणि एका इंग्रजाला तळहातावर शेजारी उभं केलं. दोघांच्या डोक्यांवर अंगठा ठेवला.

"राजेंद्र, ह्यो गोरा येवढा उंच?"

राजेंद्ररावांनी सगळं सांगितलं. "चूक माझी, भाऊ. एक नमुना द्यायला हवा होता."

"द्यायचा व्हतास रं," भाऊ म्हणाले. "तवा दिसत व्हतं मला."

लढाई झाली. मुलांनी फासे टाकले, आम्ही जिंकलो, टाळ्या वाजल्या. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

आता भाऊंच्या हट्टाने आम्ही पुन्हा दुकानात आहोत, नमुना म्हणून तो एक इंग्रजही आलाय. रोज दुपारी भाऊ डाव्या हातात त्याला धरतात आणि उजव्या हाताने मेण कोरतात. पुढच्या जानेवारीला बरोबर उंचीचे मावळे द्यायचेत. नवा मेणाचा मावळा उंचीला अगदी अचूक आहे. पण त्याचा एक डोळा कानाजवळ गेलाय आणि नाकाच्या जागी नुसता खड्डा आहे.

"नाक आलं का गं?" भाऊ विचारतात.

"आलंय, अब्बा," शमीम म्हणते.

काल ते तिला म्हणाले, "नवं कथील कशाला? ही बुटकी घाल भट्टीत." ती हो म्हणाली. भांडली तरी शेवटी तिने त्यांना आजवर कशाला नाही म्हटलंय?

वाचकहो, मला वितळायची भीती नाही. मी कथील आहे, भट्टीतूनच आलो. पण भाऊंच्या नजरेने केलेलं शेवटचं काम आम्ही दीडशे जण आहोत. आम्ही गेलो की ते कुठेच उरणार नाही, आणि हे भाऊंना दिसत नाही. तुम्ही लोणावळ्याच्या बाजारात आलात तर जरा आत डोकवा आणि शमीमला एकदा सांगा, की बाई, भट्टी पेटवू नकोस. आम्हाला बुटकेच राहू दे.